ड्रायव्हरला झोप का लागते, ते पण छापा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत बिनड्रायव्हरच्या ट्रकवर अख्खं पान आलंय, ते काल दुपारी वाचलं आणि तेव्हापासून डोकं भणभणतंय म्हणून हे पत्र. लेख तसा चांगलाय, माहिती भरपूर, फोटो पण मोठे. पण त्यात म्हटलंय की माणूस थकतो, त्याला डुलकी लागते, मशीनला झोप येत नाही, म्हणून अपघात कमी होणार. माझे मिस्टर ट्रकवर ड्रायव्हर आहेत. मला लेखकांना एवढंच विचारायचंय की ड्रायव्हरला झोप का लागते ते तुम्ही एकदा तरी आपल्या मार्केट यार्डात उभं राहून बघितलंय का?

कांद्याच्या सीझनचं सांगते. डिसेंबर-जानेवारीत यार्डात किती कांदा येतो आणि हैदराबाद रोडचं काय होतं ते सोलापूरकरांना नव्यानं सांगायला नको. गाडी सकाळीच लायनीत लावावी लागते. मग लिलाव, मग गोण्या भरणार, तोंडं शिवणार, काटा होणार, आणि हमाल मोकळे झाले की मग कुठं लोडिंग. ड्रायव्हरला तिथून हलता येत नाही, नंबर गेला की गेला, आणि गोण्या मोजून घ्यायची जबाबदारी पण त्याचीच. केबिनमध्ये जरा आडवं व्हावं म्हटलं तर हॉर्न, धूळ, आणि गाडी पुढं घे म्हणून कोणी ना कोणी दार वाजवतंच. ताडपत्री ओढून, रस्से आवळून, मालाची पावती म्हणजे बिल्टी हातात पडेपर्यंत रात्रीचे नऊ वाजतात. आणि तेवढ्यात शेठचा फोन, सकाळच्या मार्केटला हैदराबादच्या मलकपेटला गाडी लागली पाहिजे. म्हणजे पहाटेपासून जागा असलेला माणूस आता रात्रभर तीनशे किलोमीटर भरलेली गाडी चालवणार. यात डुलकी लागली तर तो माणसाचा दोष झाला का?

दोन वर्षांमागची गोष्ट आहे. उमरग्याच्या पुढं गेल्यावर डोळे मिटायला लागले म्हणून यांनी गाडी एका बंद ढाब्यासमोर बाजूला घेतली. झोप आली तर गाडी थांबवा असं सगळीकडं बोर्डावर लिहिलेलं असतं, तेच केलं त्यांनी. तास-दोन तास झोपले असतील. उठून बघतात तर डिझेल टाकीचं झाकण फोडलेलं, खाली मातीत डिझेलचा ओघळ आणि प्लॅस्टिकच्या नळीचा तुकडा पडलेला. शंभर-सव्वाशे लिटर तरी गेलं. मला फोन आला तेव्हा आवाज एवढा बारीक की मी आधी घाबरलेच, वाटलं अपघात झाला. तक्रार द्यायला गेले तर ही आमची हद्द नाही म्हणून पाठवून दिलं. गाडी पोचायला दुपार झाली, व्यापाऱ्यानं लेट झाली म्हणून भाड्यात कापलं, आणि ते कापलेलं आणि डिझेलचं असे दोन्ही पैसे शेठनं यांच्या पगारातून हप्त्याहप्त्यानं वळते करून घेतले. मुलीच्या क्लासची फी त्या वर्षी मी शाळेच्या युनिफॉर्मची शिलाई करून भरली.

तेव्हापासून ते रस्त्यात थांबत नाहीत. मी रात्री अडीच-तीनला उठून फोन लावते, काय जेवलात, कुठं पोचलात, हुमनाबाद गेलं का, जहीराबाद आलं का, काहीही विचारत बसते. गाडी चालवताना फोन नको हे मलाही कळतं साहेब. पण झोपलं तर डिझेल जातं आणि नाही झोपलं तर जीव जातो, यात बाईमाणसानं घरात बसून दुसरं काय करायचं?

कायदा आहे असं लोक म्हणतात. होता ना, नोव्हेंबर २०२५ पर्यंत १९६१ चा मोटार ट्रान्सपोर्ट वर्कर्स अ‍ॅक्ट होता, त्यात दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तासच काम लिहिलेलं होतं. पण तो पाच किंवा जास्त कामगार असतील तिथंच लागू व्हायचा. आमच्या शेठच्या दोन गाड्या, दोन ड्रायव्हर. रस्त्यावर निम्मे तरी असे एक-दोन गाड्यावालेच दिसतात, त्यांच्याकडं काम करणाऱ्यांना कुठला कायदा? नव्या ट्रकला १ ऑक्टोबर २०२५ पासून एसी केबिन कंपल्सरी झालंय, त्याचा मला खरंच आनंद आहे, कारण आपल्याकडच्या मे महिन्यात त्या केबिनचा पत्रा हाताला चटका देतो. पण ते नव्या गाड्यांना. यांची गाडी जुनी आहे आणि ती अजून बरीच वर्षं पळणार.

आता त्या अमेरिकेतल्या ट्रकबद्दल. लेखात ऑरोरा कंपनीचं कौतुक आहे, टेक्सासमध्ये डॅलस ते ह्युस्टन विनाड्रायव्हर माल गेला म्हणून. मुलीला मोबाइलवर शोधायला लावलं. गेला हे खरंय, २०२५ च्या मे महिन्यापासून, आणि अंतर आपल्या सोलापूर-हैदराबादपेक्षा थोडं जास्तच आहे. पण सुरुवात दिवसा आणि स्वच्छ हवेतच केली, आणि थोड्याच दिवसांत ट्रक बनवणाऱ्या कंपनीनं सांगितलं म्हणून पुढच्या सीटवर परत माणूस बसवला, तो गाडी चालवत नाही म्हणतात, पण बसवला तर खरा. हे लेखात एका ओळीत तरी यायला पाहिजे होतं. २०१८ मध्ये अ‍ॅरिझोनात रात्री सायकल हातात धरून रस्ता ओलांडणारी बाई उबरच्या टेस्टिंगच्या गाडीखाली गेली, ते पण नाही आलं. त्या गाडीच्या कॉम्प्युटरला ती काय आहे तेच ठरवता येईना, कधी गाडी, कधी सायकल, कधी माहीत नसलेली वस्तू. आणि देखरेखीला बसवलेलं माणूस मोबाइलमध्ये बघत होतं. आपल्याकडं तर ऊसतोडीच्या दिवसांत मागं लाइट नाही, रिफ्लेक्टर नाही अशा दोन-दोन ट्रॉल्या जोडून ट्रॅक्टर चाललेले असतात, त्यातच बैलगाड्या, हायवेला उलट्या बाजूनं येणारी मोटारसायकल, आणि वारीच्या दिवसांत पहाटे अंधारात चालणाऱ्या दिंड्या.

पण मी मशीनच्या विरोधात नाही, हे नीट छापा. अंधारातली ऊसाची ट्रॉली माणसाच्या डोळ्याला दिसत नाही, लाइट पडेपर्यंत ती अगदी जवळ आलेली असते. ते लेझर आणि रेडिओ लहरींनी समोरचं ओळखणारं लायडार आणि रडार का काय असतं त्याला अंधाराची अडचण नाही, त्याला ती लांबूनच कळेल. मग ते ड्रायव्हरच्या मदतीला द्या की! समोर काही आलं तर आपोआप ब्रेक लागावा, डोळे मिटले तर मोठ्यानं अलार्म वाजावा, एवढं जरी आमच्या जुन्या गाडीत कोणी बसवून दिलं तर मी रात्री शांत झोपेन. २०२२ मध्ये देशात १ लाख ६८ हजारांवर माणसं रस्त्यावरच्या अपघातांत गेली, त्यातली थोडी जरी वाचली तरी किती घरं वाचतील. ड्रायव्हर काढून टाकायच्या गोष्टी आधी आणि त्याला वाचवायच्या नंतर, हा क्रम मला पटत नाही.

आणि ड्रायव्हर म्हणजे फक्त स्टिअरिंग नव्हे. मध्यरात्री पाऊस आला तर खाली उतरून ताडपत्री कोण ओढणार? कांदा भिजला तर सकाळी व्यापारी भाव पाडतो. आतल्या टायरमधली हवा गेली की हे आवाजावरून ओळखतात. रस्सा ढिला झाला, गोण्या एका बाजूला सरकल्या, नाक्यावर कागद दाखवायचे, पोचल्यावर गोण्या मोजून द्यायच्या, हे सगळं त्या पानभर लेखात कुठंच नाही.

नोकऱ्यांचं म्हणाल तर गडकरी साहेबांनी २०२३ च्या डिसेंबरात नागपुरात सांगितलंय की बिनड्रायव्हरच्या गाड्या भारतात येऊ देणार नाही, ७०-८० लाख ड्रायव्हरांची कामं जातील. बरं वाटलं ऐकून. पण खरं सांगू का, या कामाला आता नवीन पोरं येतच नाहीत. ड्रायव्हर म्हटलं की कोणी मुलगी देत नाही. माझ्या मुलानं हे काम करू नये असं मला वाटतं, आणि यांना तर माझ्यापेक्षा जास्त वाटतं. चाळीस-पन्नाशीतले हेच लोक आहेत तोवर गाड्या पळतायत, आणि या लोकांकडं बघायला कोणाला वेळ नाही.

म्हणून विनंती अशी, की तुमच्या वार्ताहराला सीझनमध्ये एक रात्र यार्डाच्या बाहेर पाठवा. ट्रक लावायला जागा नाही, लाइट नाही, संडास नाही, राखणदार नाही, नुसता रस्त्याच्या कडेनं लायनीत उभा माणूस. यार्डाजवळ आणि हायवेला ठरावीक अंतरावर कुंपण असलेला, राखण असलेला ट्रक तळ करा, जिथं ड्रायव्हर चार तास निर्धास्त झोपेल आणि उठल्यावर टाकीत डिझेल असेल. याला अमेरिकेतलं मशीन लागत नाही. आणि लोडिंग संध्याकाळी पाचच्या आत संपवायचा नियम करा, किंवा रात्री लोड झालेली गाडी सकाळी सोडा. एक दिवस कांदा उशिरा पोचला तर हैदराबाद काही उपाशी राहत नाही.

अजून एक. त्याच रविवारी पाण्याचं वेळापत्रक पेपरात नव्हतं. काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात ते आतल्या पानावर बारीक अक्षरात तरी रोज पाहिजे. आमच्या भागात पाणी पहाटे येऊन गेलं, कोणाला पत्ताच नाही, आणि यांना ट्रिपवरून आल्यावर अंघोळीला दोन बादल्या शेजारून आणाव्या लागल्या. मोठे फोटो एक कमी छापा पण वेळापत्रक गाळू नका.

नाव छापू नये ही विनंती. यांचे शेठ तुमचाच पेपर वाचतात.

आपली,
एका ट्रक ड्रायव्हरची पत्नी,
हैदराबाद रोड, सोलापूर