कंसातल्या एका ओळीत न मावलेले आभार

आदरणीय जॉर्ज पॅक्सिनोस सर,

सविनय नमस्कार.

आपण कधी भेटलो नाही. माझ्या प्रबंधात तुमचं नाव आहे, पण 'पद्धती' या प्रकरणात, कंसातल्या एका ओळीपुरतं: पॅक्सिनोस आणि वॉटसन, १९८२. म्हणजे तुम्ही दोघांनी केलेला उंदराच्या मेंदूचा ॲटलास, नकाशांचं पुस्तक. प्रबंध वाचणाऱ्यांपैकी कुणाची नजर त्या ओळीवर थांबली असेल असं वाटत नाही. म्हणून हे पत्र.

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी उंदराच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी संबंधित भागात सुईने औषध सोडायला शिकत होते. पहिले सहा प्राणी वाया गेले. मेंदूचे काप काचपट्टीवर घेतले, तर खुणेसाठी सोडलेला निळा रंग शेजारच्या पोकळीत पसरलेला. सहा जीव गेले आणि हाती काही आलं नाही, हे मनाला फार लागलं. त्या रात्री मी तुमच्या ॲटलासमधल्या आकृत्या बाजूला ठेवून सुरुवातीचा मजकूर सावकाश वाचला. कवटीच्या शिवणी जिथे मिळतात ती दोन ठिकाणं, ब्रेग्मा आणि लॅम्डा, एकाच उंचीवर हवीत. मी ब्रेग्मापासूनचं अंतर डोळ्यांत तेल घालून मोजत होते, पण लॅम्डाची उंची कधी तपासलीच नव्हती. ती कमी भरली. डोकं मागे कललेलं होतं. पुढच्या वेळी डोकं स्थिर धरणाऱ्या चौकटीतली दातांखालची पट्टी जराशी खाली घेतली आणि सातव्या प्राण्यात रंग जागेवर दिसला.

तुमच्याआधी प्रचारात असलेल्या एका ॲटलासमध्ये ही पट्टी दोन्ही कानांना जोडणाऱ्या रेषेपेक्षा ५ मिलिमीटर वर ठेवावी लागे. तुम्ही आणि चार्ल्स वॉटसन सरांनी कवटी सपाट ठेवली, सुमारे २९० ग्रॅम वजनाचे विस्टार जातीचे नर उंदीर घेतले आणि ब्रेग्मापासूनचं व कानांच्या रेषेपासूनचं अशी दोन्ही अंतरं पानोपानी छापली. पेशी दाखवणाऱ्या निस्सल रंगाच्या जोडीला ॲसिटिलकोलिनएस्टरेझ या विकराचं रंजन वापरलंत, त्यामुळे नुसत्या पेशी पाहून न कळणाऱ्या सीमाही स्पष्ट झाल्या. किती कंटाळवाणं, किती चिकाटीचं काम असेल ते!

मेंदूविज्ञानात ज्यांचे सर्वाधिक संदर्भ दिले जातात, त्या ग्रंथांमध्ये हा ॲटलास मोडतो. तरी त्याचं मोल आकड्यांत नीट उतरत नाही असं माझं ठाम मत आहे. होर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये सुचवलेला एच-निर्देशांक घ्या: ज्याच्या एच निबंधांना प्रत्येकी किमान एच संदर्भ मिळाले, त्याचा निर्देशांक एच. एका ग्रंथाचे संदर्भ हजारोंच्या घरात गेले तरी त्यात तो एकदाच धरला जातो. शिवाय हे संदर्भ वेगळ्या जातीचे. इतरांचे निबंध आपण मत मांडताना किंवा खोडताना पुढे करतो. तुमचं नाव घेतो ते पत्ता सांगताना. व्यसनांवर काम करणारा, झोपेवर काम करणारा आणि वेदनेवर काम करणारा, तिघंही त्यामुळे एकाच जागेबद्दल बोलतात. त्या प्रत्येक ओळीमागे बरोबर जागी पोचलेली सुई आहे, आणि फुकट न गेलेला प्राणी.

तुमचं मूळ शिक्षण मानसशास्त्राचं, हे कळलं तेव्हा फार धीर आला. मीही शरीररचनाशास्त्रात बाहेरूनच आले. आणि इतके नकाशे काढून झाल्यावर २०१८ मध्ये तुम्ही माणसाच्या मेंदूत, मज्जारज्जू सुरू होतो त्याच्या जवळ, एंडोरेस्टिफॉर्म केंद्रक नावाचा चेतापेशींचा पुंजका दाखवलात. ती बातमी मी प्रयोगशाळेच्या दारावर चिकटवली होती.

आता माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी पहिल्या दिवशी आकृत्या दाखवत नाही. आधी लॅम्डा शोधायला लावते.

तुमची ऋणी,
एक संशोधक