डझनभर केळी आणि तुझी सुई

पंचवटी, नाशिक

चि. सोन्या,
अनेक आशीर्वाद.

बाळंतपणाच्या कळा कमी करायला पाठीत देतात ते एपिड्युरल शिकताना आता महिनाभर सरावाच्या बाहुल्याच्याच पाठीत सुया, खरी बाई नंतर, असं तू काल फोनवर म्हणालास आणि मला हायसं वाटलं. दिवाळीत तू रविवार कारंज्यावरून डझनभर केळी आणून सगळी टोचून ठेवली होतीस. दोन दिवस नुसती शिकरण! बाबा अजून चिडवतात. पण तेव्हा पाण्याने भरलेल्या सिरिंजवर माझा अंगठा ठेवलास, ते मी विसरले नाही. साल होती तोवर दट्ट्या हलेना, मग एकदम सैल. पाठीतही असंच, म्हणालास. ४-५ सेंटिमीटर आत शेवटचा चिवट बंध सुटला की थांबायचं, कारण पुढे काही मिलिमीटरवर मज्जारज्जूभोवतीच्या पाण्याच्या पिशवीचा पडदा.

तुझ्या वेळी सिझेरियनला कमरेखाली बधिर करायला मला दिलं ते स्पायनल, त्यात सुई मुद्दामच पडद्यापार जाते म्हणे. असेल. चारदा टोचलं. दुसऱ्या दिवसापासून उठून बसले की डोकं फुटायचं, आडवी झाले की थांबायचं. तुला पाजायला बसणार कशी? तुझी आजी मिठाने दृष्ट काढायची. भोकातून पाणी झिरपतं म्हणून डोकं दुखतं, हे कुणी सांगितलंच नाही. एपिड्युरलची सुई तर त्याहून जाड. चुकून पडदा फाटला तर त्या बाईचं काय होतं, ते मला विचार.

(कंबर दुखते ती सुईमुळे नाही, हे मला पटलंय. शेजारच्या काकूंना तू येऊन सांग.)

तुमच्या बाहुल्याची पाठ जाड-बारीक करता येते, ठीक. पण सुई आत असताना कळ आली म्हणून तो उसळत नाही. 'डॉक्टर, पाय लुळे पडणार नाहीत ना?' असंही विचारत नाही. मी विचारलं होतं. मागून उत्तर आलं, 'हलू नका.' खांदे धरणाऱ्या आयाबाईंचा चेहरा मला आजही आठवतो. डॉक्टरांचा नाही, ते सगळा वेळ पाठीमागेच होते.

म्हणून टोचण्याआधी एकदा समोर येऊन उभा राहत जा. बाहुल्याच्याही. त्याला सांग, आता गार लागेल, आता दाब जाणवेल. बरोबरची मुलं हसतील, हसू देत.

मावशीबरोबर चिवडा पाठवतेय. केळी तिकडेच घे.

तुझी,
आई