मायच्या रिपोर्टांची पिशवी

लेस्टर, इंग्लंड
16 नोव्हेंबर

ती. आबांस,
साष्टांग नमस्कार.

रविवारी तुम्ही विचारलंत, "लोकांचे केसपेपर वाचायचा पगार देतात का रे तिकडे?" फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून लिहितोय. शिवाय मायच्या रिपोर्टांचं काम आहे. फोनवर तो विषय काढला की ती "माले काय व्हयेल शे?" म्हणते आणि गाडी कापसाच्या भावावर जाते.

आबा, तुम्ही जन्मभर एसटीत कंडक्टर म्हणून वेबिलावर तिकिटांचा हिशोब लिहिलात. बाजाराच्या दिवशी अमळनेर-चोपडा गाडीला तापीच्या अलीकडे किती चढतील, पलीकडे किती उतरतील, हे तुम्ही गाडी सुटायच्या आधी सांगायचात. त्यासाठी एकाही प्रवाशाचं नाव तुम्हाला लागलं नाही. आमचंही तसंच. इथल्या फॅमिली डॉक्टरांकडच्या नोंदी 1987 पासून अभ्यासासाठी गोळा होतात. नाव-पत्ता काढलेला, मोठ्या माणसाची जन्मतारीखसुद्धा नाही, फक्त साल. ज्यांच्या किडन्या गेल्या त्यांच्या नोंदींतून मागे मागे जायचं आणि पाच-दहा वर्षांपूर्वी कागदावर काय दिसत होतं ते बघायचं. ज्यांच्या शाबूत राहिल्या त्यांचेही कागद शेजारी ठेवायचे, नाहीतर फरक कळणार कसा?

"त्यांना विचारलं का?" हा तुमचा दुसरा प्रश्न. ज्याला आपली नोंद अभ्यासात नको असेल, त्याला तसं कळवता येतं. पण आधी विचारून घेणं वेगळं आणि नको असेल तर कळवा म्हणणं वेगळं, हे तुमचं म्हणणं मला खोडता आलं नाही.

आता मायचं. मागच्या वर्षीच्या रिपोर्टात तिचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी रक्तातून गाळून टाकते तो कचरा, 1.4 आहे. (इथे हेच 124 लिहितात, एकक वेगळं. पहिल्या आठवड्यात मी घाबरलो होतो.) त्या लॅबच्या कागदावर "नॉर्मल"ची हद्द 1.4 पर्यंत छापलेली, म्हणून आपण सगळे गप्प बसलो. पण हा आकडा एकट्याने वाचायचा नसतो. वय आणि बाई की पुरुष, हे धरून किडनी किती गाळते त्याचा हिशोब करतात. बत्तीस वर्षांच्या माझ्या रक्तात 1.4 आलं तर तो हिशोब 70 च्या जरा खाली येतो. पासष्टीच्या मायचा 40 च्या आसपास. कागदावर आकडा एकच!

यापुढे काय होईल याचा अंदाज बांधायचं एक सूत्र कॅनडातल्या नवदीप टांगरी या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 मध्ये तिथल्या रुग्णांच्या नोंदींवरून काढलं. त्याला चारच गोष्टी लागतात: वय, बाई की पुरुष, वरचा गाळण्याचा हिशोब आणि लघवीत अल्ब्युमिन नावाचं प्रथिन किती जातं. पुढे ते तीसहून जास्त देशांतल्या सात लाखांवर माणसांवर ताडून पाहिलं. पाच वर्षांत डायलिसिस किंवा नवी किडनी लागण्याची शक्यता 5 टक्क्यांच्या वर दिसली की इथे किडनीच्या डॉक्टरांकडे पाठवतात.

मायच्या पिशवीत तीन गोष्टी आहेत, चौथी नाही. तिची लघवी कधी तपासलीच नाही. तुमच्या वेबिलात काळीपिवळीने गेलेला माणूस नसायचा ना, तसं हे. तिकीट फाटलं नाही म्हणजे माणूस गेलाच नाही असं नव्हे. आमच्या नोंदींतही हीच अडचण. ज्याला त्रास होतो तोच तपासायला येतो, त्याचेच आकडे साठतात. उन्हातान्हात कापूस वेचून, गुडघ्याला गोळी खाऊन परत वावरात जाणारी बाई कुठल्याच कागदावर नसते. म्हणून कॅनडाचं सूत्र तिला किती तंतोतंत बसेल यावर मी पैज लावणार नाही. तिचे स्वतःचेच दर सहा महिन्यांचे आकडे ओळीने दिसले, तर मला त्यावर जास्त भरवसा वाटेल.

तर एवढं करा. लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन तपासून घ्या, सकाळची पहिली लघवी द्यायची. रक्तही परत तपासा. पिशवीतले सगळे कागद तारखेप्रमाणे लावून फोटो पाठवा. थर्मल कागदावर छापलेले रिपोर्ट फिके पडत चाललेत, ते आधी. आणि गुडघेदुखीची ती गोळी डॉक्टरांना दाखवा, दुकानदाराला नको. तसल्या बऱ्याच गोळ्या किडनीला जड जातात. शुगरच्या आणि बीपीच्या गोळ्या मात्र स्वतःहून बंद करू देऊ नका.

माय विचारेल, कळण्याची भाकरी चालेल का. भाकरीचं डॉक्टरांना विचारू. लोणच्याचा आणि पापडाचा डबा मात्र आजच वरच्या फळीवर ठेवा.

तुमचा,
बाळू

ता. क. फोटो वेबिलासारखे सरळ काढा, मागच्या वेळी निम्मा आकडा तुमच्या अंगठ्याखाली होता.