उद्यमनगरातल्या मिस्त्रीमामांना

मिस्त्रीमामा, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथं लिहीत नाही, कारण तुम्हीच नको म्हणालात. पण पत्र मात्र चारचौघांत लिहितेय. तुम्ही दुसरं इंजिन बसवून दिलेल्या फियाटमधून गेल्या रविवारी आप्पांना पन्हाळ्याला नेऊन आणलं. वाघबिळाच्या पुढं चढ लागला तसा माझा जीव टेंपरेचरच्या काट्यात अडकला होता. काटा मध्यावर आला आणि तिथंच थांबला. आप्पांना आता नीट दिसत नाही, ते कानानंच गाडी बघतात. वर पोचेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. तबक उद्यानापाशी गाडी लावली तेव्हा म्हणाले, "मिस्त्रीला सांग, आवाज तोच आहे." हा निरोप तुमच्यापर्यंत पोचवायचा म्हणून लिहायला बसले, आणि मग बाकीचंही सगळं आठवत गेलं.

आप्पांनी ही पद्मिनी 1978 साली घेतली. कागदावर प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यातली, पण आमच्या घरात तिला फियाटशिवाय दुसरं नाव नाही. माझ्या दोन्ही बाळंतपणांना दवाखान्यात तिनंच नेलं. गेल्या वर्षी मे महिन्यात आंबा घाटात तिचा फॅनबेल्ट तुटला. पट्टा गेला की पंखा थांबतो आणि पाण्याचा पंपही थांबतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. लाल दिवा लागलेला दिसला, पण बॅटरीचं काहीतरी असेल म्हणून मी पुढं चालवत राहिले. वाफ आली तेव्हा उशीर झाला होता. दुसऱ्या दिवशी ऑइल बघायची डिपस्टिक ओढली तर पाणी मिसळून ऑइल ताकासारखं पांढरं.

तुमच्याकडं येण्याआधी मी दुसऱ्या एका गॅरेजात गेले होते. तिथं मला सांगितलं, "ताई, तुम्हाला नाही कळायचं. घरातल्या कुणा माणसाला पाठवा." आणि इंजिन न उघडताच सल्ला दिला की, डिझेल इंजिन टाकून घ्या, ॲव्हरेज मिळेल. मी घरी येऊन रडले, मामा. हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

तुम्ही पहिल्या दिवशी काय केलंत आठवतंय? हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उतरवलंत, खालचा ब्लॉक पुसलात आणि मला हाक मारलीत. "इकडं या ताई. डोळ्यानं बघा, माझ्या शब्दावर जाऊ नका." हेड ॲल्युमिनियमचं, तापून वाकलेलं. त्यावर पट्टी आडवी धरलीत आणि खालून उजेड दाखवलात. ते घासून प्लेन करता आलं असतं. पण खाली बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, ब्लॉकला दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधोमध केसाएवढी चीर होती, पार पाण्याच्या वाटेपर्यंत गेलेली. माझं बोट धरून त्या चिरेवरून फिरवलंत. नख अडकलं. कोल्हापुरात बीड ओतणारे आणि बीड ओळखणारे कमी नाहीत, तरी तुम्ही त्यातल्या दोघा जाणत्यांना बोलावून दाखवलंत. वेल्डिंग टिकणार नाही असं दोघांनीही सांगितलं, तेव्हाच "दुसरं इंजिन बघू" म्हणालात.

डिझेलचं मी विचारलं तर रागावला नाहीत. समजावून सांगितलंत. ही गाडी 1089 सीसीच्या पेट्रोल इंजिनावर बेतलेली आहे. गिअरबॉक्स, मागं जाणारा प्रॉपेलर शाफ्ट, पुढचं सस्पेन्शन, सगळं त्याच्याच वजनाला आणि ताकदीला धरून. जड इंजिन ठेवलं तर पुढचं सगळं हळूहळू बसत जाणार, शिवाय आरसीवर इंधन बदलायचं, ते निराळंच. "आप्पांची गाडी आप्पांसारखीच ऱ्हाऊ द्या की." तुमचं हे वाक्य मी घरी येऊन त्यांना जसंच्या तसं सांगितलं होतं.

मग इंजिन शोधायचे चार महिने. मुंबईत पद्मिनी टॅक्सी होत्या तोवर सुटं सामान मिळायचं, पण शेवटची टॅक्सीही 2023 च्या ऑक्टोबरअखेर बंद झाली. पहिलं इंजिन मिळालं ते स्वस्त होतं. मी तर ॲडव्हान्सही देऊन टाकला होता. तुम्ही टॉर्च घेऊन नंबर बघितलात, त्यावर बोट फिरवलंत आणि मागं सरलात. नंबर घासलेला होता. "असलं इंजिन माझ्या दारात नको, आणि तुमच्या गाडीत तर नकोच." दर 5 वर्षांनी फेरनोंदणीला गाडी उभी करायची, तिथं इंजिन नंबर ताडून बघतात, हे मला कुठं ठाऊक होतं? तो ॲडव्हान्स तुम्ही स्वतः जाऊन परत आणून दिलात. त्या दिवशी उद्यमनगरात किती पाऊस होता!

दुसरं इंजिन सांगलीच्या बाजूला मिळालं. गाडीचा पत्रा गंजून गेलेला, मालक वारलेले, मुलानं सगळे कागद जपून ठेवलेले. 9 वर्षं ते शेडमध्ये उभं होतं. तुम्ही स्टार्टर लावू दिला नाहीत. प्लग काढून चारी भोकांतून ऑइल सोडलंत, चार दिवस तसंच मुरू दिलंत, आणि पाचव्या दिवशी पुलीच्या नटाला पाना लावून हातानं फिरवलंत. आधी जड, मग एकदम सैल. तुमच्या हाताखालचा पोरगा ओरडला, "फिरलं!" मी शाळेतून सुटून थेट तिकडंच आले होते, हातात वह्यांचा गठ्ठा तसाच.

आणि मग ती कॉम्प्रेशनची, म्हणजे एकेका सिलिंडरातला दाब मोजायची, संध्याकाळ. गेज माझ्या हातात दिलंत. पहिला 120, दुसरा 118, तिसरा 122, चौथा फक्त 75. माझं तोंड उतरलेलं बघून म्हणालात, "थांबा, इंजिनालाच विचारू." चौथ्यात चमचाभर ऑइल टाकून परत मोजायला लावलंत. आकडा वाढला असता तर पिस्टनच्या रिंगा गेलेल्या, नाही वाढला तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही. आकडा 80 च्या वर जाईना. "म्हणजे व्हॉल्व्ह. खालचं चांगलं आहे. हे सुटतंय." डॉक्टर नाडी बघून सांगतात तसं. नववीला विज्ञान शिकवते मी, मामा, 17 वर्षं झाली. निरीक्षण आणि निष्कर्ष यांचं इतकं स्वच्छ उदाहरण मी फळ्यावर कधी मांडलेलं नाही. आता मांडते.

व्हॉल्व्ह घासून बसवले. इंजिन बाहेर आहे तोवर क्लचप्लेट, मागचं ऑइलसील, गंजलेले वेल्शप्लग, माउंटिंगची रबरं, सगळं नवं घातलंत. "नंतर ह्याच्यासाठी परत इंजिन उतरवायला लागलं तर मजुरीच जास्त होती." प्रत्येक जुना भाग पिशवीत घालून मला दिलात. बिलात आणि पिशवीत एका वायसरचाही फरक नव्हता.

इंजिन गाडीत बसवायच्या दिवशी चेनकप्पीच्या साखळीखाली तुमचं तोंडच बघत होते. बोलणं बंद, नुसत्या बोटाच्या खुणा. गिअरबॉक्सचा शाफ्ट क्लचप्लेटच्या दातऱ्यात शिरेना. पोरानं बोल्ट आवळून ओढून घेऊ म्हटलं, तसे तुम्ही एवढंच म्हणालात, "जबरदस्ती न्हाई." गाडी गिअरात टाकलीत, पुली जराशी हलवलीत, आणि इंजिन आपसूक मागं सरकून बसलं. आवाजही झाला नाही.

तरी पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा खालून ऑइल गळलं. नवं सीलच सदोष निघालं होतं. रात्रीचे 9 वाजले होते, घरी तुमच्या नातवाचा वाढदिवस होता. मी म्हटलं, थेंबभरच तर आहे, चालेल. तुम्ही गळणाऱ्या थेंबाकडं बघून म्हणालात, "तुम्हाला चालंल, मला न्हाई." दोन दिवसांनी पूर्ण इंजिन परत उतरवलंत आणि त्या मजुरीचा रुपयाही घेतला नाहीत. मी पाकीट पुढं केलं तर हात मागं बांधून उभे राहिलात. म्हणून हे पत्र. हे तरी परत करता येणार नाही तुम्हाला.

आरसीवर नवा नंबर चढला. जुन्या गाडीचे कागद, खरेदीची पावती, तुमचं बिल, सगळं तुम्ही सांगितलेल्या क्रमानं लावून नेलं होतं. साहेबांनी बॉनेट उघडून नंबर वाचला आणि सही केली.

500 किलोमीटरला हेडचे नट तुम्ही परत आवळलेत, ऑइल बदललंत, आणि टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हच्या वरची बारीक फट जुळवायचं काम, मात्र मला करायला लावलंत. फट मोजायच्या फिलर गेजची पाती दोन बोटांत धरून, जाताना अडू नये आणि ढिलीही वाटू नये, अशी. आठपैकी सहा जमले, दोन तुम्ही न बोलता परत जुळवलेत. मी बघत होते. पुढच्या वेळी आठही माझेच असतील.

आई म्हणतेय की तुम्हाला आणि मामींना घरी जेवायला आणायचंय, तांबडा-पांढरा ती स्वतः करणार आहे. न्यायला फियाट घेऊन मीच येईन, आप्पा पुढं बसलेले असतील. तुमचं फिलर गेज चुकून माझ्या पर्समध्ये राहिलंय, तेही घेऊन येते.

तुमची,
फियाटवाली ताई
राजारामपुरी, कोल्हापूर