हिरड्यांचे जंतू आणि हृदयाच्या रक्तवाहिन्या

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, "जंतूंमुळे रक्तवाहिन्या तुंबतात, तर अँटिबायोटिकचा एक कोर्स घेऊन का टाकू नये?" हा तुमचा प्रश्न रास्त आहे. संशोधकांनाही तोच पडला होता.

1988 साली फिनलंडमध्ये हृदयरुग्णांच्या रक्तात क्लॅमिडिया न्यूमोनिए या श्वसनमार्गाच्या जंतूविरुद्धच्या अँटिबॉडीज जास्त आढळल्या. पुढे तो जंतू धमनीत साचलेल्या चरबीच्या थरातही सापडला. मग अमेरिकेत सुमारे 4,000 हृदयरुग्णांवर चाचणी झाली. निम्म्यांना वर्षभर दर आठवड्याला 600 मिलिग्रॅम अझिथ्रोमायसिन दिलं. 2005 मध्ये निकाल आला, झटके काही कमी झाले नाहीत. डेन्मार्कमध्ये दोन आठवडे क्लॅरिथ्रोमायसिन घेतलेल्या हृदयरुग्णांत तर हृदयविकाराने होणारे मृत्यू वाढले. शिवाय कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशी या औषधाचं जमत नाही, स्नायूंना इजा होते. म्हणून तो कोर्स नकोच.

तरीही जंतूंचा संबंध नाही असं मात्र नाही. धमनीच्या अस्तराखाली चरबी साचते, पांढऱ्या पेशी ती गिळून फुगतात आणि त्यावर तंतूंची एक टोपी तयार होते. टोपी जाड असेल तोवर माणूस वर्षानुवर्षं ठीक असतो. आतला दाह वाढला की पेशींतून सुटणारे विकर (एन्झाइम) ती टोपी कुरतडतात, ती फाटते, तिथे गुठळी धरते आणि झटका येतो. हिरड्या सुजलेल्या असतील तर चावताना, ब्रश करताना तोंडातले जंतू थोड्या वेळासाठी रक्तात उतरतात आणि अंगभर दाहाची धग राहते. 2025 मध्ये फिनलंडमधल्या टाम्पेरेच्या संशोधकांनी धमन्यांतल्या चरबीच्या थरांत तोंडातल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूंचे चिकट थर दाखवले. चरबीचा थर जिथे फाटला होता तिथे ते जंतू मोकळे होऊन पसरलेले होते. हिरड्यांवर उपचार केल्याने झटके टळतात हे मात्र अजून सिद्ध झालेलं नाही. तंबाखू, रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल हीच मोठी कारणं आहेत, तेव्हा त्या गोळ्या चुकवायच्या नाहीत.

आई, तुझ्या हिरड्यांचं सांगते. मऊ केसांचा ब्रश दात आणि हिरडी जिथे मिळतात त्या रेषेवर 45 अंशांत तिरका टेकव, म्हणजे केसांची टोकं हिरडीच्या कडेखाली किंचित शिरतील. तिथल्या तिथे हलकेच हलव, खसाखसा घासू नकोस. दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटं. दातांमधल्या फटींसाठी बारीक ब्रश वेगळा मिळतो, तो रात्री फिरव, कारण कीटण खरं तिथेच बसतं. सुरुवातीला रक्त येईल. ते सुजेमुळे येतं, म्हणून घासणं सोडू नकोस. दोन आठवड्यांनंतरही येत राहिलं तर दंतवैद्याकडून दात आणि हिरडी यांच्यामधल्या खाचेची खोली मोजून घे. 1 ते 3 मिलिमीटर ठीक. 4 किंवा जास्त असेल आणि रक्तही येत असेल तर तिथे ब्रश पोचत नाही, मुळापर्यंत सफाई करावी लागते. तुझी रक्तदाबाची गोळी ॲम्लोडिपिन आहे हेही त्यांना सांग. काहींच्या हिरड्या तिच्यामुळेच फुगतात.

बाबा, दात काढायचा झाला तर रक्त पातळ करणारी गोळी परस्पर बंद करू नका, तुमच्या धमनीत बसवलेल्या स्टेंटमध्ये (जाळीच्या नळीत) गुठळी होऊ शकते. आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. कवळी रात्री काढून, घासून पाण्यात ठेवा.

आणखी एक. फ्लू किंवा छातीचा संसर्ग झाला की पहिले तीन दिवस झटक्याचा धोका नेहमीच्या कितीतरी पट असतो. फ्लूची लस दरवर्षी घ्या. त्या दिवसांत छातीत दाब आला, जबड्यात किंवा हातात कळ गेली, घाम फुटला, तर खोकल्यामुळे असेल किंवा पित्त असेल असं म्हणत बसू नका. लगेच रुग्णवाहिका बोलवा, मला फोन नंतर करा.

तुमची लेक