अडीच एकरांची वही

चि. सौ. ताई हिस आईचे अनेक आशीर्वाद.

पुण्याची नोकरी सोडून तू आणि जावईबापू गावी येऊन शेती करावी म्हणता, तो तुझा मेसेज बाबांनी मला दोनदा वाचून दाखवला. फोनवर मी “या की, घर तुमचंच आहे” एवढेच म्हणाले असते आणि आकडे राहून गेले असते. म्हणून २००३ पासूनच्या माझ्या वह्या पुढ्यात घेऊन हे पत्र लिहायला बसले आहे. तुझा प्रश्न अडीच एकरांत वर्षाला किती सुटते असा होता. त्याचे उत्तर मी देते, पण ते कसे निघते हे तू नीट वाच, कारण गावात जो तो आपल्याला सोयीचे तेवढेच सांगतो.

आपल्या जमिनीपैकी एक एकर नदीकडच्या सखल शिवारात आहे, तिथे भात. वरच्या अंगाला वीस गुंठे रताळी, वीस गुंठे भाजी आणि जनावरांचे गवत, आणि माळाचे वीस गुंठे काजू. सर्वांत मोठे क्षेत्र भाताचे आहे आणि रोख पैसा त्यातूनच सर्वांत कमी मिळतो. गेल्या वर्षी चिखलणीचा ट्रॅक्टर, तरवा म्हणजे रोपे, लावण, दोन भांगलणी, खत, कापणी आणि मळणी मिळून ३४ हजार गेले आणि इंद्रायणी वाणाचे १८ क्विंटल भात झाले. सहा क्विंटल घरी ठेवून उरलेले बारा क्विंटल व्यापाऱ्याला २८०० रुपये क्विंटलने घातले असते, तर ३३ हजार ६०० आले असते, म्हणजे खर्चसुद्धा भागला नसता. त्याऐवजी आम्ही ते गिरणीत कांडून घेतले. त्याचे साडेसात क्विंटल तांदूळ झाले आणि बाबांनी बेळगावात टिळकवाडी-शहापूरच्या ओळखीच्या घरी ते ६० रुपये किलोने पोहोचवले. कांडप, पोती आणि रिक्षाचे भाडे जाऊन ४२ हजार हाती आले. हे जास्तीचे ८ हजार ४०० रुपये शेतात पिकले नाहीत, दारोदार फिरून मिळाले. बेळगाव शहर दहा मैलांवर आहे म्हणून हे जमते. खानापूरच्या आतल्या गावातल्या माणसाला भात चांगले पिकवूनही ते जमत नाही.

बासमती मात्र विकण्याच्या हिशोबाने लावू नकोस. जुन्या वाणाचे भात उंच वाढते, वाऱ्याने आडवे पडते आणि एकरी उतारा इंद्रायणीच्या निम्म्यावर येतो. आपण बांधालगतच्या दोन वाफ्यांत ते लावतो, ते फक्त सणाला आणि पाहुण्यांना. तुझ्या आजोबांच्या वेळी भात फुलोऱ्यात आले की पायवाटेवरून जाणाऱ्यालासुद्धा वास येत असे. हल्ली तितका येत नाही, किंवा माझेच नाक म्हातारे झाले असेल.

रताळ्याबद्दल सविस्तर लिहायला हवे, कारण तू मेसेजमध्ये ज्या ‘नगदी पिका’बद्दल लिहिले आहेस ते आपल्या भागात हेच. जूनच्या पावसावर वरंब्यांवर वेलाचे तुकडे लावायचे. वेल तोडताना त्याच्या चिकाने बोटे काळी पडतात आणि तो काळेपणा आठवडाभर घासूनही निघत नाही. नवरात्राच्या उपवासांना उत्तरेकडून मागणी असते, म्हणून सगळ्यांची घाई त्या सुमारास काढणी करण्याची असते आणि सगळ्यांचा माल एकदमच मार्केट यार्डात येतो. वीस गुंठ्यांत ४० क्विंटल निघतात असे धर. १८०० रुपये क्विंटल मिळाले तर ७२ हजार होतात आणि ६०० मिळाले तर २४ हजार, आणि खर्च दोन्ही वर्षी तेवढाच, २४ हजार. काढताना कुदळ लागून जखम झालेले एक रताळे जरी पोत्यात गेले तरी तीन दिवसांत शेजारची दहा कुजतात, म्हणून निवडायला मी स्वतः बसते, मजुरावर सोडत नाही.

वहीत दलालाच्या हिशोबाची एक जुनी पट्टी मी डकवून ठेवली आहे, ती तू आलीस की दाखवीन. त्या वर्षी आम्ही २२ पोती पाठवली होती. पट्टीत वजनातून प्रत्येक पोत्यामागे दोन किलो ‘माती’ म्हणून कापलेली, पुढे हमाली, तोलाई, दलालाची अडत आणि आधी घेतलेल्या उचलीचे पैसे वजा केलेले, आणि तळाला येणे रक्कम ३ हजार ११० रुपये. टेम्पोचे भाडे २२०० होते. बाबा त्या दिवशी यार्डातून सरळ उद्यमबागेत फाउंड्रीच्या दुसऱ्या पाळीला गेले आणि रात्री घरी आल्यावर पट्टीबद्दल एक अक्षरही बोलले नाहीत. ती मला त्यांच्या शर्टाच्या खिशात धुण्याच्या वेळी सापडली. तेव्हापासून मी दलालाकडून उचल घेणे बंद केले, कारण ज्याची उचल घेतली त्यालाच माल घालावा लागतो, आणि मग भाव विचारायला तोंड राहत नाही.

काजूची झाडे पंचवीस आहेत. मार्च ते मे गोळा करायचे आणि चंदगडकडच्या कारखान्यांना बी जाते. खर्च जाऊन ११ हजार. भाजीचे १२ हजार. यात सांगण्यासारखे फार नाही.

दुधाचे मात्र आहे. दोन म्हशींपैकी एक तरी दुभती राहील अशा बेताने आपण त्या ठेवतो. फॅट बघून दर मिळतो, कर्नाटक सरकारचे लिटरमागे पाच रुपये वेगळे जमा होतात, आणि पेंड, भुसा, डॉक्टर वजा जाता वर्षाला ३६ हजार राहतात. रक्कम जवळजवळ रताळ्याएवढीच आहे, पण ती दर पंधरा दिवसांनी हातात पडते आणि आपले घर त्यावर चालते. पावसाळ्यात खत घ्यायचे असते तेव्हा रताळी जमिनीत असतात आणि भाताची कणसे पोटरीतसुद्धा आलेली नसतात. अशा वेळी घरात दुधाचा पैसा नसेल तर माणूस दागिना घेऊन सोनेतारणाला जातो. शेजारच्या किती घरांतले दागिने दर जूनला आत जातात आणि दिवाळीनंतर बाहेर येतात, हे तुला माहीत आहेच.

आता बेरीज कर. भाताचे सगळे खर्च जाऊन ८ हजार, सरासरी १४०० च्या भावाने रताळ्याचे ३२, काजू ११, भाजी १२ आणि दूध ३६, म्हणजे एकूण ९९ हजार. घरी ठेवलेल्या भाताचे पावणेचार क्विंटल तांदूळ बाजारभावाने साडेबावीस हजारांचे धरले, तर १ लाख २१ हजार ५००. ही चांगल्यापैकी वर्षाची गोष्ट आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मार्कंडेय नदीचे पाणी आठ दिवस भातात उभे राहिले, त्या वर्षीचे पान तू बघूच नकोस.

यात एक आकडा मी अजून धरलेला नाही. वर्षातले २५० दिवस मी शेतात आणि गोठ्यात असते, बाबा निवृत्त झाल्यापासून २०० दिवस असतात. बाईची हजेरी ३०० आणि गड्याची ५०० धरली तर आमच्या दोघांची मजुरी १ लाख ७५ हजार होते. म्हणजे आम्ही आम्हालाच पगार द्यायचा ठरवला तर शेती साडेत्रेपन्न हजारांनी तोट्यात आहे. इतकी वर्षे हे आपल्याला जाणवले नाही, कारण फाउंड्रीचा पगार दर महिन्याला येत होता. पहिली बोअर ३२० फुटांवर कोरडी गेली आणि दुसरीला पाणी लागले, दोन्हींचे पैसे बाबांच्या फंडातून गेले. लोक म्हणतात, यांनी शेतीवर दोन मुले शिकवली. ते खरे नाही. फाउंड्रीच्या पगाराने मुलेही शिकवली आणि शेतीही सांभाळली.

तरीही मी तुला येऊ नको म्हणत नाही, आणि त्याची कारणेही हिशोबातलीच आहेत. पुण्यात तुमचा निम्मा पगार घराच्या हप्त्यात आणि किराणा-दुधात जातो. इथे घर आपले, तांदूळ, दूध, भाजी, मसूर आपली. पंपाला दहा अश्वशक्तीपर्यंत वीजबिल नाही, जरी थ्री फेज रात्री दोनला आली तर दोनलाच उठावे लागते. सोसायटीतून पीककर्ज पाच लाखांपर्यंत बिनव्याजी मिळते, पण मुदतीच्या आत फेडले तरच. मुदत जवळ आली की अर्धे गाव आठ दिवसांसाठी सावकाराकडून पैसे घेऊन ‘नवं-जुनं’ करते, म्हणजे जुने फेडून नवे काढते, आणि बिनव्याजी कर्जाचे व्याज तिथे भरते. तू त्या रांगेत उभी राहू नयेस एवढेच मला वाटते.

जमीन विकायचे विचारायला प्लॉटवाले महिन्यातून एकदा येतातच. कर्नाटकातल्या २०२० च्या कायदाबदलानंतर शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घेता येते, तेव्हापासून त्यांचे येणे वाढले. ते गुंठ्याला जो भाव सांगतात त्याचे बँकेतले व्याज आपल्या सगळ्या उत्पन्नापेक्षा जास्त होईल, हेही मी वहीच्या शेवटच्या पानावर मांडून बघितले आहे. बाबांना मी ते पान दाखवलेले नाही. मला विकायचे नाही, पण आकडा तुला माहीत असावा.

तेव्हा माझे म्हणणे असे आहे. दोघांनी एकदम नोकरी सोडू नका. जावईबापूंना घरून काम करता येत असेल किंवा बेळगावात काही मिळत असेल, तर एक पगार निदान तीन वर्षे चालू राहू दे. पॉलिहाउस, ड्रॅगनफ्रूट वगैरे जे तू लिहिले आहेस ते पहिल्या वर्षी काढू नकोस. आधी तांदळाची घरे वाढव, कारण तुला फोनवर गिऱ्हाईक जोडता येते आणि बाबांना ते येत नाही. तिसरी म्हैस घ्यायची की नाही हे गवत किती होते त्यावर ठरवू.

कागदांचे काम मात्र आधीच करावे लागेल. जमिनीचा उतारा अजून बाबांच्याच नावावर आहे. तुझा हक्क आहेच, कर्नाटकाने १९९४ सालीच मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलाबरोबरीचा वाटा दिला आणि देशभर तो २००५ साली आला. पण उताऱ्यावर नाव नसेल तर पीककर्ज मिळत नाही. दादाशी गोव्याला फोनवर बोलले, त्याची हरकत नाही, त्याला त्याच्या वाट्याचे तांदूळ तेवढे हवे आहेत. वाटणीपत्र, उतारा, सगळे कानडीत असते. तू शाळेत कानडीला रडायचीस, पण आता घरात ते वाचता येणारी तूच आहेस, म्हणून सही करण्यापूर्वी प्रत्येक ओळ तूच वाचायची.

मे महिन्यात येशील तेव्हा आधार कार्ड, बँकेचे पुस्तक आणि जुने बूट घेऊन ये. मोठी म्हैस या आठवड्यात व्यायची आहे, त्यामुळे फोन करायचा तर संध्याकाळी सातनंतर कर, मी डेअरीला दूध घालून तोवर परत आलेली असते.

तुझी,
आई