खुबा मोडला की वेळ लिहा

महोदय,

ऐन श्रावणात माझी मावशी खळ्यातल्या शेवाळावर घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. वय ऐंशीच्या पुढे. मुलगे मुंबईला, म्हणून रुग्णालयात मी राहिलो. शनिवारी दाखल केलं, ऑपरेशन झालं पुढच्या गुरुवारी.

लोटे एमआयडीसीत माझी नोकरी उत्पादन विभागात गेली. माल कुठे अडतो ते वेळेनिशी कागदावर मांडायचं, ही तिथली शिस्त. तशीच मी इथेही नोंद ठेवली. ऑपरेशन दीड तासाचं, बाकी सगळं थांबणं. फिजिशियन आले सोमवारी. त्यांनी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, सांगितला. इको झाल्यावर सरकारी आरोग्य योजनेच्या मंजुरीचे कागद निघाले आणि मंजुरी आल्यावर कोल्हापूरहून हाडात बसवायचं इम्प्लांट मागवलं. कोणतं इम्प्लांट लागणार हे शनिवारच्या एक्स-रेवरच दिसत होतं! ही सगळी कामं पहिल्याच दिवशी एकदम सुरू करता आली असती.

जिवाला लागलं ते उपाशी ठेवणं. मंगळवारी मध्यरात्रीपासून पाणीही बंद, आणि बुधवारी दुपारी निरोप आला की आज नंबर लागत नाही. ओला कापूस ओठांना लावत बसलो होतो. संध्याकाळी मावशी मलाच विचारू लागली, तू कोणाचा रे? भूल देण्याआधी दोन तासांपर्यंत बहुतेक रुग्णांना साधं पाणी चालतं, असं भूलतज्ज्ञांचेच नियम सांगतात. मग यादी बदलली की वॉर्डात लगेच कळवायला एक माणूस नेमता येत नाही?

डॉक्टर आणि सिस्टर यांच्याबद्दल माझी तक्रार नाही, त्यांना बसायला फुरसत नव्हती. अडतं कुठे, हे कोणी मोजत नाही, एवढंच माझं म्हणणं आहे. इंग्लंडमध्ये २००७ पासून खुब्याच्या रुग्णांची राष्ट्रीय नोंद ठेवतात. २०१० पासून तिथे ३६ तासांच्या आत ऑपरेशन, वृद्धरोगतज्ज्ञांची तपासणी असे निकष पाळले तर रुग्णालयाला त्या रुग्णामागे जादा पैसे मिळू लागले. भारतासह १७ देशांतल्या २,९७० रुग्णांचा एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. साधारण सहा तासांत ऑपरेशन झालेले आणि चोवीस तासांनी झालेले, यांच्या मृत्यूंत ठळक फरक दिसला नाही. पण लवकर झालेल्यांत भ्रम आणि लघवीचा संसर्ग कमी होता, ती माणसं लवकर उभी राहिली. आपल्याकडे सहा तास आज जमणार नाहीत, मला कळतं. पण पाच दिवस?

जिल्हा शल्यचिकित्सकांना विनंती, खुब्याच्या प्रत्येक केसपेपरला एक साधा तक्ता लावायला सांगा: दाखल, एक्स-रे, वेदनाशामक इंजेक्शन, फिजिशियन, मंजुरी, इम्प्लांट, ऑपरेशन, पहिल्यांदा उभं केलं, हाडं ठिसूळ होण्यावरचं औषध सुरू केलं. प्रत्येकापुढे वेळ आणि सही. महिन्यातून एकदा सर्जन, भूलतज्ज्ञ, सिस्टर आणि योजनेचा आरोग्यमित्र यांनी तो एकत्र बसून वाचावा आणि सर्वांत मोठी अडचण आधी काढावी. त्याला नवी इमारत लागत नाही की यंत्र लागत नाही. पुढच्या पावसाआधी निदान एका रुग्णालयात हे सुरू करा. तक्ता आखून द्यायला, भरलेले कागद दर महिन्याला मांडून द्यायला मी विनामोबदला येईन.

— एक निवृत्त कारखाना पर्यवेक्षक, चिपळूण